रिकामा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. ही वही भय्यासाहेबांनी दिली. वडील आहेत माझे, पण अख्खी गल्ली त्यांना भय्यासाहेब म्हणते म्हणून मीही तेच म्हणते. म्हणाले, "अश्विनी, ठाण्यात दिवसभर लोकांचं वाईटच लिहायचं आहे तुला. घरी आलीस की एक पान आपलं लिही, अन् शेवटी कोणाचे तरी आभार मान. नाहीतर तोंड कडू होऊन जातं."

आमच्या घराण्यात हे चालतच आलेलं आहे. पणजोबांचे पणजोबा शिंदे सरकारच्या फडात कारकून होते, भय्यासाहेब कलेक्टर ऑफिसात, आता मी ठाण्यात. दुसऱ्यांच्या भानगडी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायच्या, एवढंच आम्हाला येतं. हुद्दा डाटा एंट्री ऑपरेटर, कंत्राटी. ठाण्यात जे कागदावर येतं ते सिस्टममध्ये चढवायचं: तक्रारी, अटका, चोरीच्या मोटरसायकली आणि 'गुम इंसान', म्हणजे हरवलेली माणसं. शिवाय उज्जैनचा सिंहस्थ जवळ येतोय म्हणून हरवलेल्यांची जुनी रजिस्टरंही चढवायची आहेत. कपाटभर आहेत. २०१५ पासून मागे मागे जायचं.

फ्रीगंजचा टायपिंग क्लास बंद पडला तेव्हा वाटलं होतं संपलं सगळं. लग्नाचं वय निघून गेलं, स्पीड तेवढी राहिली. तीच कामी आली.

शेजारच्या टेबलावर हेड मोहर्रिर बैरागीजी. ठाण्याचे सगळे कागद यांच्या हातून जातात. पाटीवर एस. एल. बैरागी. दुपारी सगळे बाह्या दुमडून बसले होते, यांची मात्र मनगटापर्यंत बटणं लावलेली. माझ्याशी पहिलंच वाक्य: "मैडम, टाइपिंग ठीक है आपकी। जो नहीं मालूम, वो कॉलम खाली छोड़ना सीखो।" ना राम राम, ना चहा. कोरडा माणूस.

आजचे आभार: क्लासच्या शोभाताई. डोळ्यांवर रुमाल बांधून टाइप करायला लावायच्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल कार्तिकी पौर्णिमा. राम घाटावर एवढी गर्दी होती म्हणे की पाण्यापेक्षा माणसंच जास्त. आज सकाळपासून हरवलेल्यांचे कागद. बहुतेक दुपारपर्यंत सापडले. सापडलेल्या माणसासाठी इथे 'दस्तयाब' शब्द आहे. हाती लागलेला. तो शब्द टाइप करताना मला फार बरं वाटतं, आज अकरा वेळा केला.

एक म्हातारा मात्र उलटा निघाला. तो आहे, त्याला शोधणारं कोणी नाही. घाटावर एका छत्रीखाली बसून होता, पंड्यांनी शिपायाला सांगितलं. लकवा मारलाय. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सरकारी दवाखान्यात आहे. शिपायानं मोबाइलवर फोटो आणले. वय सत्तरच्या आसपास, धोतर, तांबडी पगडी, खिशात बिडीचं बंडल आणि एक रुमाल. कागद नाही, फोन नाही.

आणि उजव्या हातावर गोंदलेलं: गणपत.

मी तर खुर्चीतून उडालेच. नावाच्या रकान्यात टाकलं, गणपत. नाव 'अज्ञात' ठेवलं तर सिस्टम वय, उंची, खुणा बघून राज्यभरातल्या हरवलेल्यांशी मिळवून बघत बसतं. नाव असलं की सरळ नावानं शोधतं. हमरस्ता सोडून गल्लीबोळ कशाला?

बैरागीजींनी स्क्रीनकडे पाहिलं. "ये नाम किसने बताया?"

"हाथ पे लिखा है।"

"हाथ पे तो बहुत कुछ लिखा होता है, मैडम।"

काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. संध्याकाळी टीआय साहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे मोठे साहेब, सगळ्यांसमोर म्हणाले, "देखो, इनकी एंट्री में एक भी कॉलम खाली नहीं!"

आजचे आभार: टीआय साहेबांचे. आणि ज्यानं कुठल्या तरी जत्रेत त्या म्हाताऱ्याच्या हातावर एवढ्या स्पष्ट अक्षरात नाव गोंदलं त्याचे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गणपतबाबांना दवाखान्यातून एका सेवाश्रमात हलवलंय. नवीन फोटो हवे होते म्हणून मी आणि बैरागीजी गेलो. ऑटोत हा माणूस तोंडातून एक अक्षर काढेल तर शपथ.

बाबा खाटेवर बसले होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "गणपतबाबा!" आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. डाव्या हातानं उजवा हात उचलला, ते नाव छातीला लावलं आणि दाराकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, "गणपत ना? गणपत?" पुन्हा तेच. मान हलवतात, रडतात, दाराकडे बघतात.  इतक्या दिवसांनी आपलं नाव कोणाच्या तोंडून ऐकलं की माणसाला काय होत असेल! आश्रमातल्या रजनीबाईंना सांगून आले, दिवसातून चार वेळा नावानं हाक मारत जा, जिवाला बरं वाटेल त्यांच्या.

बैरागीजी आतच आले नाहीत. दारात उभे राहून बघत होते. नंतर नळावर हात धुताना त्यांनी बाही वर केली तेव्हा दिसलं, यांच्याही हातावर गोंदण आहे. मोहन. घरचं लाडाचं नाव असणार. या माणसाचे कोणी लाड केले असतील हेच नवल! माझी नजर गेलेली पाहून बाही खाली, बटण बंद.

सिस्टममध्ये गणपत नावाचे सात हरवलेले निघाले राज्यात. एक चौदा वर्षांचा, बाकीच्यांचे फोटो जुळत नाहीत. मिळेल.

आजचे आभार: रजनीबाई. घरून गरम खिचडी करून आणतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोकं फिरलं माझं. बैरागीजी म्हणतात, एक तारखेपासून राज्यात साठीपुढचे जेवढे पुरुष हरवलेत त्या सगळ्यांचे रिपोर्ट प्रिंट काढून द्या. सगळे! मी म्हटलं, सिस्टम शोधतंय ना. म्हणाले, "सिस्टम ऊपर का नाम पढ़ता है। मैं नीचे तक पढ़ूँगा।"

दोनशे बारा पानं. टोनर संपला. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून चष्मा लावून बसतात, बोट फिरवत, शाळेतल्या पोरासारखे. काम न करण्याची एकेकाची तऱ्हा. घरी सांगितलं तर भय्यासाहेब हसले. "अगं, कागद वाचणारा माणूस वाईट नसतो. फालतूमध्ये मन खराब नको करू."

भय्यासाहेबांना सगळेच चांगले वाटतात. आभार त्यांचेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रजनीबाईंचा फोन. गणपतबाबा दोन दिवस जेवले नाहीत. हाक मारली की रडतात, मग भिंतीकडे तोंड करून पडतात. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर फार दिवस काढणार नाहीत. आणि आश्रमात जागा नाही. सोमवारी त्यांना दूरच्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थेत पाठवायचं ठरलंय. तिथे तीनशे माणसं आहेत म्हणे. एकदा तिथे गणपत म्हणून नाव लागलं की मग कोण शोधतंय आणि कोण सापडतंय.

सहा दिवस आहेत. सातही गणपत पुन्हा पाहिले. ठाण्याठाण्यांना फोन लावले. "गणपत? नहीं मैडम, हमारे यहाँ गणपत कोई गुम नहीं।"

वाटतं, त्यांना शोधणारं कोणी नसेलच तर? काही माणसं असतात अशी. मी आहे, भय्यासाहेब आहेत तोवर ठीक. पुढे माझा कागद कोण भरेल? हे लिहायला नको होतं. लिहिलं.

बैरागीजींनी आज न विचारता माझ्या टेबलावर चहा ठेवला. साखर जास्त होती. तरी आभार.

२० नोव्हेंबर, गुरुवार



दुपारी बैरागीजी उठले, एक कागद माझ्यासमोर ठेवला. "पढ़ो।"

आगरकडच्या एका गावातला रिपोर्ट. गुम इंसान भेरूलाल, वय बहात्तर, धोतर, तांबडी पगडी. पौर्णिमेला गाववाल्यांबरोबर ट्रॉलीत उज्जैनला गेला, परतला नाही. पहचान चिन्ह, म्हणजे ओळखीची खूण, रकाना रिकामा. मी म्हटलं, हा तर भेरूलाल आहे.

"ऊपर नहीं। नीचे पढ़ो।"

खाली, जिथे रिपोर्ट लिहवणाऱ्याचं नाव असतं, जे सिस्टम कधीच शोधत नाही, तिथे लिहिलं होतं: सूचनाकर्ता, गणपत. आणि संबंध: अन्य.

मला कळेचना. बैरागीजी हळू आवाजात म्हणाले, "मेले में दोस्त लोग एक-दूसरे का नाम गुदवाते हैं, मैडम। अपना नहीं।"

म्हणजे नऊ दिवस मी त्या माणसाला त्याच्या मित्राच्या नावानं हाक मारत होते. तो दाराकडे बघत होता, कारण मी गणपत म्हटलं की त्याला वाटायचं गणपत आला. आणि कोणीच यायचं नाही. दिवसातून चार वेळा. मीच सांगून आले होते रजनीबाईंना. आणि नाव 'अज्ञात' सोडलं असतं तर सिस्टमनं वयावरून, पगडीवरून हा कागद पहिल्याच आठवड्यात पुढे टाकला असता. रिपोर्ट दहा तारखेचा आहे.

बाथरूममध्ये जाऊन रडून आले. बाहेर आले तर बैरागीजी त्या गावच्या सरपंचाशी फोनवर बोलत होते.

आज आभार कोणाचे लिहू? लाज वाटते. त्या सूचनाकर्त्याचे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गणपत आले. सकाळची पहिली बस धरून, काठी टेकत. गुडघा गेलाय त्यांचा, म्हणूनच यंदा पौर्णिमेला आले नव्हते. साठ वर्षांत पहिल्यांदा भेरू त्यांच्याशिवाय आला आणि हे झालं. भेरूलालना बायको-पोर कोणी नाही. गणपत चार वेळा ठाण्यात गेले तेव्हा कुठे रिपोर्ट लिहून घेतला. "पूछे, कंई लगे थारो? मैंने कियो, दोस्त लगे। वी बोल्या, यो रिश्तो तो इणमें है ही नी।"

खरंच नाही. नात्याच्या यादीत बाप, नवरा, भाऊ, मेहुणा, शेजारीसुद्धा आहे. दोस्त नाही. मी रोज बघते ती यादी, कधी लक्षात आलं नाही.

आश्रमात भेरूलाल भिंतीकडे तोंड करून पडले होते. गणपत दारातूनच ओरडले, "ए भेरू! म्हने छोड़ी ने आयो, तो देख, कंई हाल हुयो थारो!" चक्क शिव्या दिल्या दोन. आणि भेरूलाल वळले. तोंडातून आवाज निघाला, शब्द नव्हता, पण मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो आवाज ऐकला. गणपतनी बंडीची बाही वर केली. भेरूलाल. तीच अक्षरं, तसंच वेडंवाकडं फूल. सतरा-अठराचे असताना एका जत्रेत, एकाच गोंदणारीकडून.

मी हात जोडून म्हटलं, बाबा, माझी चूक झाली, मला वाटलं हे यांचंच नाव. गणपत माझ्याकडे असे बघायला लागले की मीच जरा खुळी असावी. "खुद को नाम कुण भूले, बेन? गुदाणो तो दूसरा को पड़े।"

खिचडीचं अख्खं ताट गेलं, गणपतच्या हातून. रजनीबाई पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. मी मोबाइलवरूनच टाकलं, भेरूलाल, दस्तयाब. हात जोडायला देव शोधत होते, समोर ते दोन म्हातारे होते, त्यांनाच जोडले.

बैरागीजी आजही दारातच. परतताना ऑटोत मी विचारलं, कारण आता न विचारणं शक्यच नव्हतं, "मोहन कौन है?"

 चौक आला, गेला. मग म्हणाले, "था एक। गाँव का। दो हज़ार चार के सिंहस्थ में मुझसे मिलने आया था। मेरी ड्यूटी राम घाट पे थी। मैंने बोला, यहीं खड़ा रह, ड्यूटी बदल के आता हूँ।" आणि बाहीचं बटण चाचपत राहिले. 

आभार: बैरागीजींचे. कोरडा माणूस असं लिहिलं होतं मी तीन तारखेला. ते पान फाडणार नाही, पण बघितलं की मान खाली जाते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी काचेच्या केबिनमध्ये टीआय साहेब बैरागीजींवर केवढे ओरडले! बाहेर शब्द कळत नव्हते, "पंद्रह दिन" एवढं ऐकू आलं. त्या दोनशे बारा पानांवरून असणार, नाहीतर टोनरवरून. बिचारे मान खाली घालून उभे होते.

ते बाहेर आल्यावर मी धीर करून आत गेले. रात्रभर ठरवलं होतं की चुकीचं नाव मीच भरलं हे स्वतः सांगायचं, नोकरी गेली तरी चालेल. "सर, वो गणपत वाली एंट्री..." एवढंच बोलले, तर साहेबांनी हात वर केला. "बैरागी ने सब बता दिया है। आगे से नाम के मामले में उसकी मत सुनना। आप अपना काम अच्छा करती हो।"

उसकी मत सुनना, असं का म्हणाले कळलं नाही. साहेबांच्या डोक्यात शंभर कामं असतात, काहीतरी मिसळलं असेल. माझी चूक पोटात घातली हे मात्र खरं. महाकालाची कृपा आणि साहेबांचे आभार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बैरागीजींना महिनाभर राम घाटावर बंदोबस्ताला लावलंय. दिवसभर उभं राहायचं, शिट्टी वाजवायची. शिपाई कुजबुजत होते की हेड मोहर्रिरला, त्यात या वयात, ही काय ड्यूटी. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "अच्छा है, मैडम। बैठे-बैठे घुटने जाम हो गए थे।" जागाबदल प्रत्येकाला हवाच असतो. त्यांच्या मनासारखं झालं, छान झालं.

त्यांचं टेबल रिकामं आहे. चहाही आला नाही आज.

भेरूलाल गावी पोहोचले. गणपतनी सरपंचाच्या फोनवरून कळवलं, चार पोळ्या खातो, बिडी मागतो. बिडीचं रजनीबाईंना सांगणार नाही.

आभार: आगरच्या बसच्या कंडक्टरचे. दोघांना पुढची सीट दिली म्हणे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मी आज नियम मोडला. जुनी रजिस्टरं क्रमानं चढवायची आहेत, मी २०१३ वर आहे. आज २००४ काढलं.

एप्रिल-मे, सिंहस्थाची पानंच पानं. शेकडो माणसं. एक्केचाळिसाव्या पानावर मिळाला. मोहन, वय एकोणतीस, निळा शर्ट, राम घाट. अक्षर ओळखीचं, फक्त तरुण. सूचनाकर्त्याच्या जागी नुसतं: आरक्षक बैरागी, म्हणजे तेव्हा साधे शिपाई. संबंध, एक आडवी रेघ. पहचान चिन्ह, रिकामं.

जो माणूस खालच्या ओळीपर्यंत दोनशे बारा पानं वाचतो, त्यानं हे रिकामं सोडलं होतं. एकवीस वर्षं हा कागद कपाटात आहे आणि जगातल्या कुठल्याही सेवाश्रमात, कुठल्याही दवाखान्यात एखाद्याच्या हातावर काय बघायचं ते कोणाला ठाऊक नाही.

जेवणाच्या सुट्टीत ऑटो करून राम घाटावर गेले. बैरागीजी पायरीवर उभे होते, शिट्टी गळ्यात. मी सरळ त्या पानाची नक्कल पुढे धरली, पेन काढलं. "पुरानी एंट्री चढ़ा रही हूँ। सिंहस्थ, दो हज़ार चार। एक कॉलम खाली है।"

त्यांनी पान ओळखलं. बाजूला एक कुटुंब पिंडदानाला बसलं होतं, गुरुजी मंत्र म्हणत होते, तेवढाच आवाज. मग म्हणाले, "उस टाइम शरम आ गई थी, मैडम। पुलिस वाले का नाम किसी के हाथ पे है, लिखता तो सब हँसते। सोचा, शाम तक तो आ ही जाएगा।"

"अब लिखूँ?"

त्यांनी उजव्या बाहीचं बटण काढलं. का, ते त्यांनाही कळलं नसावं, कारण त्यांच्या हातावर तर मोहनच होतं. त्याच्याकडे बघत म्हणाले, "लिखो। दाहिना हाथ। श्यामलाल।"

तीन आठवडे त्यांच्या शेजारी बसले, एस. म्हणजे काय हे मी कधी विचारलं नव्हतं.

चार वाजता चढवलं. गुम इंसान: मोहन. आजचं वय: पचास. पहचान चिन्ह: दाहिने हाथ पर श्यामलाल गुदा है. संबंधाच्या यादीत 'अन्य' निवडावंच लागलं, पण खाली शेऱ्याची जागा असते, तिथे टाइप केलं: दोस्त. सेव्ह केलं. वर हिरव्या अक्षरात आलं, तलाश जारी.

आजचे आभार: श्यामलाल बैरागी यांचे. चहाबद्दल, दोनशे बारा पानांबद्दल, भेरूलालबद्दल. आणखी कशाकशाबद्दल मानायला हवेत ते मला ठाऊक नाही, तो रकाना रिकामा सोडते.